हर्पिस परत परत उठतोय, इम्युनिटी वाढवायला काय घेऊ? जरा सविस्तर उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ३१, पुण्यात आयटीत नोकरी, अमेरिकेच्या वेळेप्रमाणे रात्रीची शिफ्ट. दीड वर्षापूर्वी पहिल्यांदा लिंगावर पाण्याचे फोड आले, ताप, जांघेत अवधाण, लघवीला आग, सगळंच. फोडातल्या पाण्याचा स्वॅब घेऊन पीसीआर केला तर एचएसव्ही-२, म्हणजे हर्पिस व्हायरसचा दुसरा टाइप, निघाला. तेव्हापासून दर दीड-दोन महिन्यांनी त्याच भागात चार-पाच फोड येतात आणि आठवड्यात खपली धरून जातात. ॲसायक्लोव्हिरची ट्यूब लावताय. 'इम्युनिटी डाऊन झाली की हर्पिस उठतो' असं वाचलंय म्हणून गुळवेलीचा काढा, आवळा ज्यूस, झिंक आणि लायसिन सगळं एकदम चालू आहे, शेंगदाणे आणि चॉकलेट बंद, आणि एका ठिकाणी '९० दिवसांत मुळासकट' म्हणाले तिथे ॲडव्हान्सही भरून झालाय. घरी स्थळं बघणं चालू आहे. आणि विचारताय की इम्युनिटीसाठी अजून काय घेऊ.

सरळ उत्तर आधी देतो. इम्युनिटीसाठी अजून काहीच घेऊ नका, उलट आहे त्यातलं बरंचसं बंद करा, आणि हर्पिससाठी पोटात घ्यायची गोळी नीट सुरू करा, जी तुम्ही दीड वर्षात फक्त पहिल्या वेळी घेतलीय. बाकी खाली जे लिहितोय ते असं का म्हणतोय त्याबद्दल आहे, बरीच वर्षं स्किन-व्हीडीची, म्हणजे त्वचारोग-गुप्तरोगाची, ओपीडी करतोय त्यामुळे थोडं लांबेल. डोस लिहितोय ते तुम्हाला समजावं म्हणून, चिठ्ठी मात्र समोर बसवून तपासणाऱ्या डॉक्टरकडूनच घ्या.

हा व्हायरस पहिल्यांदा कातडीतून आत शिरतो, तिथल्या नसेतून वर चढतो आणि कमरेखाली माकडहाडाजवळ नसांच्या ज्या बारीक गाठी असतात त्यात जाऊन बसतो. तिथे तो जवळजवळ गपगार असतो, त्यामुळे तुमच्या संरक्षक पेशींच्या हाती तो लागत नाही आणि गोळीलाही सापडत नाही. अधूनमधून जागा होतो आणि त्याच नसेतून खाली उतरून कातडीवर येतो, म्हणून फोड दर वेळी त्याच पट्ट्यात येतात. आता इम्युनिटीची गोष्ट ऐका. अमेरिकेत सिएटलच्या संशोधकांनी पेशंटच्या फोड येऊन गेलेल्या जागेची कातडी तपासून दाखवलंय की फोड बरा झाल्यावरही तिथे टी पेशी, म्हणजे व्हायरसशी लढणाऱ्या संरक्षक पेशी, महिनोन्महिने ठाण मांडून असतात, आणि व्हायरस वर आला की बऱ्याचदा काही तासांत त्याला तिथल्या तिथे गाठून संपवतात, तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणजे जेवढे फोड तुम्हाला दिसले त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा तुमच्या शरीराने तो परतवलाय. फोड आला म्हणजे त्या दिवशी त्या टिचभर जागेत व्हायरस थोडा पुढे गेला एवढंच, सगळी इम्युनिटी ढासळली असा त्याचा अर्थ नाही. आणि त्या जागेवरच्या त्या पेशी वाढवणारा ज्यूस, काढा किंवा कॅप्सूल अजून कुणाकडे नाही, बाटलीवर काहीही छापलेलं असो.

खरोखर इम्युनिटी कमी असलेल्या माणसाचा हर्पिस वेगळा दिसतो आणि एकदा बघितला की विसरत नाही. जखमा मोठ्या, खोल, पसरत जाणाऱ्या, महिना झाला तरी न भरणाऱ्या, कधी मस्साच वाटावा अशा वर वाढलेल्या. हे एचआयव्ही वाढलेल्या पेशंटमध्ये, केमो चालू असताना, किडनी बदललेल्यांमध्ये, किंवा दम्यासाठी-सांधेदुखीसाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये बघायला मिळतं. तुमचे फोड आठवड्यात भरतात म्हणजे तुमची इम्युनिटी काम करतेय. तरी एचआयव्हीची टेस्ट करा, आणि सोबत व्हीडीआरएल (सिफिलिसची टेस्ट), हिपॅटायटिस बी, साखर. एचआयव्ही यासाठी की एचएसव्ही-२ असेल तर एचआयव्ही लागण्याचा धोका साधारण दोन ते तीन पट होतो, आणि दोन्ही आजारांचा रस्ता एकच आहे. सरकारी हॉस्पिटलच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही सल्ला-तपासणी केंद्रात, ही टेस्ट फुकट होते, रिपोर्ट गुप्त ठेवतात. तिथेच 'सुरक्षा क्लिनिक' नावाने गुप्तरोगाचा विभाग असतो, नॅकोच्या (सरकारची एड्स नियंत्रण संस्था) रंगीत किटमधलं हर्पिसचं लाल किट, म्हणजे ॲसायक्लोव्हिरच्या गोळ्या, तिथे मिळतात. फोनवर बोलायचं असेल तर १०९७ ही नॅकोची हेल्पलाइन.

किती वेळा उठणं नॉर्मल आहे? एचएसव्ही-२ असेल तर पहिल्या वर्षात सरासरी चारेक वेळा, काहींना सहा, काहींना दहासुद्धा. एचएसव्ही-१, जो बहुतेकांना ओठावर येतो आणि ओरल सेक्समधून खालीही येतो, तो खाली आला तर वर्षातून एखाद वेळ उठतो आणि कित्येकांना परत येतच नाही. म्हणून टाइप माहीत असणं महत्त्वाचं, आणि तुमचा पीसीआर झालाय हे फार चांगलं झालं. तुम्ही वरच्या बाजूला आहात पण जगावेगळे नाही. जसजशी वर्षं जातात तसतशी बहुतेकांची संख्या आपोआप खाली येते. हेही एक कारण आहे की तिसऱ्या वर्षी कुणाला कुठलंतरी चूर्ण 'लागू पडतं' आणि मग तो जन्मभर त्याचा प्रचार करत बसतो.

आता औषध. ट्यूब बंद करा. ॲसायक्लोव्हिर क्रीमचा खालच्या हर्पिसवर उपयोग इतका किरकोळ आहे की मी लिहीतच नाही, दिवसातून पाच वेळा चोळून उलट कातडी सोलवटते. गोळीचं तसं नाही. ॲसायक्लोव्हिर जिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी बनवलं त्या गर्ट्रूड एलियनला १९८८ साली दोघांसोबत मेडिसिनचं नोबेल मिळालं, आणि औषध खरंच तेवढं हुशार आहे. गोळी पोटात जाते तेव्हा ती निष्क्रिय असते, व्हायरसचं स्वतःचं एक एन्झाइम तिला चालू करतं, म्हणजे ज्या पेशीत व्हायरस आहे तिथेच ती मुख्यतः काम करते आणि बाकी शरीराला फारसा त्रास देत नाही. व्हॅलासायक्लोव्हिर म्हणजे तेच औषध, फक्त पोटातून रक्तात जास्त चांगलं उतरतं म्हणून कमी वेळा घ्यावं लागतं. फॅमसायक्लोव्हिर त्यांचं भावंड.

घ्यायच्या दोन पद्धती आहेत. पहिली म्हणजे उठलं की घ्यायची. ॲसायक्लोव्हिर ८०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा फक्त २ दिवस, किंवा दिवसातून दोनदा ५ दिवस, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० दिवसातून दोनदा ३ दिवस. पण यात सगळं गणित वेळेचं आहे. फोड आला, मग दोन दिवस बघू म्हणून थांबलो, मग डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळाली, मग गोळी आणली, तोवर व्हायरसचं काम झालेलं असतं आणि तुमचं शरीर त्याला आवरत आलेलं असतं, मग गोळीने काय फरक पडणार, आणि पेशंट म्हणतो मला गोळी लागू पडत नाही. गोळी सुरू करायची ती चाहुलीला. चाहूल बहुतेकांना असते पण सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. कुणी म्हणतं लिंगावर एका जागी चुणचुण होते, कुणी म्हणतं मांडीच्या मागून नस ओढल्यासारखी, कुणाला एकाच कुल्ल्यात दुखतं आणि तो हाडाच्या डॉक्टरकडे जाऊन येतो. एक बाई सांगायच्या की आदल्या रात्री पांघरुणाचा स्पर्श सहन होत नाही, आणि त्यांचा हा अंदाज सहसा चुकायचा नाही. पुढच्या वेळी फोड आला की मागचे दोन दिवस नीट आठवा, तुमची चाहूल कुठली ते सापडेल. आणि गोळ्यांची स्ट्रिप आधीच आणून ठेवा, एक घरी, एक ऑफिसच्या बॅगेत, कारण चाहूल नेमकी रात्री अडीचला कॉलवर असताना लागते. पहिल्या सहा तासांत गोळी पोटात गेली तर काही वेळा फोड वर येतच नाही.

दुसरी पद्धत म्हणजे रोजची गोळी. ॲसायक्लोव्हिर ४०० दोनदा, किंवा व्हॅलासायक्लोव्हिर ५०० एकदा. वर्षाला दहा किंवा जास्त वेळा उठत असेल तर व्हॅलासायक्लोव्हिर १ ग्रॅम. रोज घेतल्याने उठण्याचं प्रमाण ७० ते ८० टक्क्यांनी कमी होतं, आणि बऱ्याच जणांचं ते वर्ष पूर्ण कोरडं जातं. तुमची संख्या सहा-आठ, डोक्यावर सतत टेन्शन, लग्नाचं बोलणं चालू, मी तुम्हाला हीच सुचवेन. वर्षभर घ्या, मग थांबवून बघा. थांबवल्यावर लगेच एकदा उठेल कदाचित, त्यावर निर्णय घ्यायचा नाही, निदान दोनदा उठेपर्यंत वाट बघायची आणि मधलं अंतर किती पडलं ते बघून ठरवायचं.

'रोज गोळी म्हणजे सवय लागेल, किडनी जाईल' हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकावं लागतं, आणि हे म्हणणारा माणूस बहुधा ॲसिडिटीची गोळी चार वर्षं रोज उपाशीपोटी घेत असतो. सवय लागत नाही. ॲसायक्लोव्हिर रोज घेणाऱ्यांचा सहा वर्षांहून जास्त काळाचा अनुभव नोंदलेला आहे. किडनी आधीच कमकुवत असेल तर डोस कमी करावा लागतो म्हणून सुरुवातीला एकदा क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) करून घ्यायचं, पाणी भरपूर प्यायचं, आणि पेनकिलर रोज-रोज सोबत खायच्या नाहीत. थोडी मळमळ, डोकेदुखी, बस. व्हायरस गोळीला दाद देईनासा होतो ते जवळजवळ नेहमी इम्युनिटी खरंच खालावलेल्या पेशंटमध्ये, तुमच्यासारख्यांत ते अगदी क्वचित, हजारात पाचापेक्षाही कमी.

आता जरा बाजूला जाऊन एक गोष्ट, तुमच्यासाठी नाही, तुमचा पीसीआर झालाय, पण हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. खाली सारखं सारखं उठणारं प्रत्येक काही हर्पिस नसतं. एक गृहस्थ चार वर्षं 'हर्पिस' म्हणून गोळ्या घेत होते. लिंगाच्या टोकावर एकच गोल चट्टा, लाल होणार, त्यावर फोड, सोलणार, बरा होणार, आणि मागे काळसर-जांभळा डाग राहणार. दर वेळी अगदी त्याच जागी, मिलिमीटरचा फरक नाही. हर्पिसचे फोड घोळक्याने येतात, जागा थोडी इकडेतिकडे होते आणि काळा डाग असा राहत नाही. विचारलं की हे व्हायच्या आदल्या दिवशी काय खाल्लं होतं, तर म्हणे काही नाही, बाहेरचं खाऊन पोट बिघडलं होतं. मग पोटासाठी काय घेतलं? तर मेडिकलमधून जुलाबाची गोळी, तीच ती ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडॅझोलची जोडगोळी. याला फिक्स्ड ड्रग इरप्शन म्हणतात, म्हणजे त्या औषधाची ॲलर्जी जी दर वेळी त्याच ठिकाणी उमटते, आणि ही जागा तिची फार आवडती. सेप्ट्रानसारख्या सल्फाच्या गोळ्या, काही पेनकिलर यांनीही होतं. गोळीचं नाव कागदावर लिहून पाकिटात ठेवायला सांगितलं, आजार संपला. आणि चार वर्षं त्यांच्या बायकोने काय काय ऐकलं-बोललं असेल ते वेगळंच. तसंच मधुमेही पुरुषांना पुढच्या कातडीला चिरा पडतात ती बुरशी असते, आणि न दुखणारी एकच जखम असेल तर ती सिफिलिस असू शकते. म्हणून ताजा फोड असताना दाखवा, पहिल्या दोन दिवसांत, सुकल्यावर आम्हीही अंदाजच बांधतो.

आणि मेडिकलवाल्याने दिलेली ती तीन-चार औषधांची मिक्स ट्यूब, खाज-खरूज-बुरशी सगळ्यावर चालणारी, तिच्यात कडक स्टिरॉइड असतं. हर्पिसवर ती लावली तर दोन दिवस लाली कमी होऊन बरं वाटतं आणि आत व्हायरसला रान मोकळं मिळतं, जखम पसरते, आठवड्याचं दुखणं तीन आठवडे चालतं. डेटॉल, लिंबू, तुरटी, कडुलिंबाचा लेप, लसूण, हे सगळं लावून आलेले पेशंट बघितलेत, लसणाने तर भाजल्यासारखी जखम होते. फोड असताना काय करायचं ते अगदी साधं आहे. कोमट पाण्यात मीठ टाकून दिवसातून दोनदा धुवा, मऊ कापडाने टिपून कोरडं करा, सैल सुती चड्डी, फार आग होत असेल तर जागा बधिर करणारी लिग्नोकेनची जेली, आणि हात लावला की धुवा, विशेषतः डोळ्याला लावायच्या आधी, लेन्स वापरत असाल तर जास्तच. बायकांना लघवी करताना जखमेवर लागून फार आग होते, त्यांनी टबात कोमट पाण्यात बसून लघवी केली तरी चालते. लघवी अडलीच तर मात्र घरी थांबायचं नाही.

आता तुमच्या काढ्यांकडे येतो. गुळवेल आधी बंद करा. कोविडच्या काळात लोक ती रोज उकळून पीत होते आणि मुंबईतल्या लिव्हरच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये कावीळ झालेले सहा पेशंट नोंदवले, सगळे गुळवेल घेणारे, त्यांच्या लिव्हरवर स्वतःच्याच इम्युनिटीने हल्ला केल्यासारखं चित्र होतं. यावर वाद बराच झाला, आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला, पण माझं म्हणणं इतकंच की ज्याचा हर्पिसवर फायदा दाखवलेला नाही त्यासाठी लिव्हरशी जुगार कशाला. झिंकच्या गोळ्या जास्त डोसमध्ये महिनोन्महिने घेतल्या तर शरीरातलं तांबं कमी होऊन रक्त आणि नसा बिघडू शकतात, दोन आठवड्यांच्या वर स्वतःच्या मनाने नको. लायसिनची गंमत अशी की प्रयोगशाळेत व्हायरसला वाढायला आर्जिनिन हा प्रथिनातला घटक लागतो आणि लायसिन, तसाच दुसरा घटक, त्याच्या आड येतो, एवढ्यावरून सगळी थिअरी उभी आहे. माणसांवरचे अभ्यास, तेही मुख्यतः ओठाच्या हर्पिसचे, तपासून कॉक्रेनवाल्यांनी (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासणारी संस्था) २०१५ मध्ये सांगितलं की फायद्याचा पुरावा नाही. शेंगदाण्यात आर्जिनिन आहे म्हणून शेंगदाणे सोडायचे तर मराठी घरात भाजी, कोशिंबीर, साबुदाण्याची खिचडी सगळंच गेलं. एका पेशंटची आई वर्षभर त्याच्यासाठी कूट न घालता वेगळी भाजी करत होती आणि तिला कारणही माहीत नव्हतं, बिचारीला वाटायचं पोराला पित्त झालंय. खा शेंगदाणे. आवळा खायला आवडत असेल तर खा, सब्जा, गुलकंद, धने-जिऱ्याचं पाणी, उष्णता म्हणून आजी जे देते ते सगळं घ्या, अपाय नाही, फक्त ते हर्पिसचं औषध नाही. रक्तात व्हिटॅमिन डी किंवा बी १२ खरंच कमी निघालं तर ते भरून काढा, डी तर तुमच्या रात्रपाळीत कमी असू शकतं, पण त्याचा फोडांशी हिशोब लावू नका.

काय केल्याने उठतं याचं खरं उत्तर माणसागणिक वेगळं आहे. ताप आला की उठतं हे बऱ्याच जणांत दिसतं. बायकांना पाळीच्या आसपास. घर्षणाने, म्हणजे घाईत आणि कोरडेपणी झालेल्या संबंधाने, किंवा तिथले केस रेझरने काढल्यावर. रेझर सोडा आणि ट्रिमर वापरा, संबंधात पाण्याच्या बेसचं ल्युब्रिकंट वापरा, इतक्या बारीक गोष्टीनेही काही वेळचे फोड वाचू शकतात. टेन्शनचं म्हणाल तर एखाद्या दिवसाच्या चिडचिडीने उठत नाही, आठवडेच्या आठवडे मुरलेल्या टेन्शनचा संबंध अभ्यासात दिसलाय. आणि हर्पिसमध्ये गोची अशी की टेन्शन सगळ्यात जास्त हर्पिसचंच असतं. रोज आंघोळीला आरशात दहा मिनिटं तपासत बसणारे पेशंट आहेत माझे. रोजच्या गोळीचा माझ्या मते निम्मा फायदा इथे आहे, चार महिने काही उठलं नाही की माणूस तपासायचं सोडून देतो आणि झोपायला लागतो. झोपेबद्दल तुम्हाला वेगळं लेक्चर देत नाही, शिफ्ट तुमच्या हातात नाही मला माहीत आहे, पण शिफ्ट दर आठवड्याला फिरती ठेवण्यापेक्षा एकच सलग असलेली बरी, आणि सुट्टीच्या दिवशी एकदम उलटं वेळापत्रक करू नका. सकाळी घरी आल्यावर काळे पडदे, फोन बाहेर, सलग सहा-सात तास. त्याने फोड थांबतील असं वचन नाही, पण फुकट आहे आणि बाकी शरीराला हवंच आहे.

लग्नाचं. हा विषय तुम्ही एका ओळीत उरकलाय पण मला वाटतं सगळ्यात मोठा हाच आहे. फोड नसतानाही व्हायरस अधूनमधून कातडीवर येतो, एचएसव्ही-२ मध्ये ज्यांना फोड येतात त्यांचा रोज स्वॅब घेऊन बघितलं तर साधारण पाचातल्या एका दिवशी सापडतो. म्हणून 'फोड नाही तर धोका नाही' हे चूक. फोड किंवा चाहूल असताना संबंध अजिबात नाही, कंडोम लावूनही नाही. एरवी कंडोमने धोका बराच कमी होतो, पूर्ण नाही, कारण कंडोमबाहेरच्या कातडीतूनही लागतो. आणि रोजच्या गोळीने कमी होतो. २००४ मध्ये १४८४ जोडप्यांचा अभ्यास आला होता, त्यात एकाला एचएसव्ही-२ आणि दुसऱ्याला नाही. रोज व्हॅलासायक्लोव्हिर ५०० घेतल्याने जोडीदाराला लागण होणं ४८ टक्क्यांनी आणि प्रत्यक्ष फोड येणं ७५ टक्क्यांनी कमी झालं. आठ महिन्यांत गोळी न घेणाऱ्यांच्या जोडीदारांत शंभरातल्या साधारण चौघांना लागला, घेणाऱ्यांच्यात दोघांना. म्हणजे लग्न केलं की बायकोला लागणारच, असंही नाही.

सांगायचं का? सांगायचं, आणि साखरपुड्याच्या आधी. पहिल्या चहा-पोह्यांना नाही, दोघं एकमेकांशी चार वेळा भेटून बोलून गाडी पुढे सरकली की, दोघांनीच, घरच्यांना मध्ये न घेता. कायद्याने बघाल तर हिंदू विवाह कायद्यात संसर्गजन्य गुप्तरोग हे घटस्फोटाच्या कारणांत लिहिलेलं आहे, पण कायद्यासाठी नाही सांगत, ती आपल्या शरीराचा धोका स्वतः ठरवू शकली पाहिजे म्हणून सांगतोय. बोलताना असं सांगा की तापात ओठावर जे फोड येतात त्याच जातीचा व्हायरस आहे, मला वर्षातून काही वेळा फोड येतात, गोळी चालू आहे, तुला हवं तर माझ्या डॉक्टरशी बोल. मी स्वतः अशा बऱ्याच जोडप्यांशी बोललोय, काही लग्नं मोडली, बरीच झाली. जगात १५ ते ४९ वयाच्या ५० कोटींहून जास्त लोकांना एचएसव्ही-२ आहे आणि त्यातल्या बहुसंख्य लोकांना ते माहीतच नाही, त्यामुळे तिच्या शरीरातही तो आधीच असू शकतो. तिची टेस्ट करायची झाली तर टाइप वेगळा सांगणारी एचएसव्ही-२ आयजीजी, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडीची टेस्ट, करा. लॅबच्या पॅकेजमधली आयजीएम करू नका, ती टाइपही सांगत नाही आणि नवीन-जुनंही सांगत नाही, फुकट भांडणं लावते. याच कारणाने 'कोणाकडून आलं' याचा तपास रिपोर्टवरून करू नका, पहिला फोड लागण होऊन कित्येक वर्षांनी येऊ शकतो.

पुढे मूल हवं असेल तर तुमच्या हर्पिसने काही अडत नाही. बाळाला खरा धोका तेव्हा, जेव्हा आईला गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत पहिल्यांदा लागण होते, तेव्हा तो ३० ते ५० टक्क्यांपर्यंत जातो. आईला आधीपासून असेल तर एक टक्क्याच्याही खाली, कारण तिच्या अँटिबॉडी बाळाला मिळालेल्या असतात. म्हणून बायको निगेटिव्ह असेल तर शेवटच्या तीन महिन्यांत संबंध टाळायचे, ओरलसुद्धा, आणि गायनॅकला आधीच सांगून ठेवायचं. आईलाच असेल तर ३६ व्या आठवड्यापासून गोळी देतात, आणि कळा सुरू होताना फोड किंवा चाहूल असेल तरच सिझर.

लस नाही अजून. स्त्रियांवर केलेल्या मोठ्या अमेरिकन चाचणीत २०१२ मध्ये लस एचएसव्ही-२ ला रोखू शकली नाही, नंतरही काही बाजारात आलेलं नाही. नागिणीची लस घेऊ का असं विचारतात लोक, ती वेगळ्या व्हायरसची, इथे उपयोग नाही. नसेतल्या गाठीत बसलेला व्हायरस काढून टाकणारं औषध आज जगात कुठेच नाही, पॅथी कुठलीही असो. त्यामुळे '९० दिवसांत मुळासकट' म्हणणाऱ्याकडे ॲडव्हान्स परत मागा. दिला नाही तर लक्षात असू द्या की १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्याने गुप्तरोग बरे करण्याच्या औषधांची जाहिरात करायलाच बंदी आहे, एफडीएकडे, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे, तक्रार करता येते, नुसतं नाव काढलं तरी काही जण पैसे परत करतात. आणि त्यांनी काही पुडी दिली असेल तर ती किती दिवस घेतलीत ते लिहिलेलं नाही तुम्ही. पुडीवर लेबल नसेल तर आत काय आहे देव जाणे, शिसं-पारा असतो, स्टिरॉइडही असतं. क्रिएटिनिनला रक्त देणारच आहात, त्याच सुईत एलएफटीही, म्हणजे लिव्हरची तपासणीही, करून घ्या.